केंद्रकाची थरथर, मॅट्रिक्स न बांधता: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून रोजचं काम लिहून ठेवते आहे. कुठला आलेख कुठल्या रनचा, हे नंतर शोधत बसायची वेळ येऊ नये म्हणून.

काम असं आहे. अणुकेंद्रकाला बाहेरून हलका धक्का दिला की त्यातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून कसे डोलतात, ते सूक्ष्म पातळीवरून काढायचं, आणि तेही परवडेल इतक्या वेळात. प्रोटॉन एकीकडे आणि न्यूट्रॉन दुसरीकडे असा झोका म्हणजे महाद्विध्रुवी अनुनाद. बाल्डविन आणि क्लायबर यांच्या १९४७ च्या प्रयोगांत तो ठळकपणे दिसला आणि पुढच्याच वर्षी गोल्डहाबर आणि टेलर यांनी त्याचं चित्र मांडलं. अख्खं केंद्रक श्वास घेतल्यासारखं फुगतं-आकसतं तो एकध्रुवी मोड. शिसे-२०८ मध्ये दोघांचीही शिखरं साडेतेरा ते चौदा एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, केंद्रकातल्या ऊर्जेचं एकक) पट्ट्यात येतात.

सिद्धांत जुना आहे. आधी सरासरी क्षेत्राचं उत्तर काढायचं (हार्ट्री-फॉक-बोगोलिउबोव, पुढे नुसतं एचएफबी), मग त्याच्याभोवतीच्या लहान दोलनांचं रेखीय समीकरण सोडवायचं. हेच क्यूआरपीए (क्वासीपार्टिकल रँडम फेज अप्रॉक्झिमेशन). घोडं अडतं ते आकारापाशी. कागदावर हिशेब केला: १५ ऑसिलेटर शेल (कणांच्या अवस्था ज्यांत मांडायच्या ते थर) घेतले तर एका प्रकारच्या कणाला १३६० अवस्था. त्यांच्या जोड्या ९,२४,१२०. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन धरून अठरा लाखांच्या वर. अक्षीय सममिती आणि पॅरिटी वापरून गट पाडले तरी सर्वांत मोठा गट पन्नास हजारांच्या घरात राहतो. पन्नास हजारांचा चौरस गुणिले ८ बाइट: समीकरणातल्या दोन मॅट्रिक्सपैकी ए ला २० जीबी, बी ला आणखी २० जीबी. आधी हे घटक भरायचे, मग डायगोनलाइझ करायचं, आणि तो खर्च आकाराच्या घनाने वाढतो. शेल १५ वरून २१ केले तर अवस्था ३५४२ होतात आणि मेमरी वीसपटीहून जास्त लागते. हे झालं एका केंद्रकाचं, एका मोडसाठी. मला साखळ्याच्या साखळ्या करायच्या आहेत.

९ जानेवारी

मार्ग ठरला: फायनाइट अँप्लिट्यूड मेथड. नाकात्सुकासा, इनाकुरा आणि याबाना यांनी ती २००७ मध्ये मांडली, आणि २०११ मध्ये अव्होगाद्रो आणि नाकात्सुकासा यांनी ती पेअरिंगसह (कणांच्या जोड्या बांधल्या जाणं) क्यूआरपीएपर्यंत नेली.

कल्पना फार सुंदर आहे. मॅट्रिक्सचा एकेक घटक म्हणजे "या जोडीतला बदल त्या जोडीला किती जाणवतो" याचं उत्तर. आपल्याला अब्जावधी उत्तरं नकोच आहेत. एका ठरावीक वारंवारतेला ढकललं तर एकूण प्रतिसाद किती, एवढंच हवं आहे. तर घनतेत ईटा या छोट्या संख्येने गुणलेला बदल करायचा, त्या बदललेल्या घनतेवरून सरासरी क्षेत्र पुन्हा काढायचं, मूळ क्षेत्र वजा करायचं, ईटाने भागायचं. झाला मॅट्रिक्स-व्हेक्टर गुणाकार, मॅट्रिक्स न लिहिता. आणि क्षेत्र काढणारा रूटीन एचएफबी कोडमध्ये आधीच आहे! एका आयटरेशनचा खर्च एचएफबीच्या एका आयटरेशनइतकाच.

वारंवारता कॉम्प्लेक्स घ्यायची, म्हणजे ध्रुवांवर (जिथे प्रतिसाद अनंत होतो त्या ऊर्जांवर) आदळायला होत नाही. काल्पनिक भाग ०.५ एमईव्ही ठेवला की प्रत्येक शिखराला १ एमईव्ही रुंदी मिळते.

१६ जानेवारी

ऑक्सिजन-१६, स्कर्मे एसएलवाय४ (घनतेवरून केंद्रकाची ऊर्जा देणारं एक सूत्र, म्हणजे फंक्शनल), एकध्रुवी. मुद्दाम छोटा बेसिस घेतला, म्हणजे पूर्ण मॅट्रिक्सही बांधता येईल. एकेका जोडीला एकक बदल देऊन त्याच रूटीनने स्तंभामागून स्तंभ भरले, डायगोनलाइझ केलं, आणि दोन्ही वक्र एकावर एक ठेवले. सहाव्या अंकापर्यंत तंतोतंत.

रात्री घरी जाताना फार बरं वाटलं.

२१ जानेवारी

बरं वाटणं पाच दिवस टिकलं.

एकध्रुवी मोडसाठी ऊर्जाभारित बेरीज (प्रत्येक अवस्थेचं बळ गुणिले तिची ऊर्जा, अशा सगळ्यांची) मॉडेलवर अवलंबून नसते, ती केवळ वस्तुमान आणि त्रिज्येवरून ठरते: चार गुणिले २०.७४ (प्लांक स्थिरांक आणि न्यूक्लिऑनचं वस्तुमान यांवरून येणारा आकडा) गुणिले कणांची संख्या गुणिले त्रिज्येच्या वर्गाची सरासरी. १६ कण आणि २.६८ फर्मी त्रिज्या घेतली की सुमारे ९५३० येते. क्यूआरपीएचं उत्तर या आकड्याला जुळलंच पाहिजे, हे थाउलेस यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं. माझी बेरीज ११,६०० च्या आसपास. वीस टक्क्यांहून जास्त!

आधी बेसिसवर संशय घेतला. शेल वाढवले, आकडा जागचा हलला नाही. मग वाटलं स्थानांतराची सममिती कुठेतरी मोडली असेल. अख्खं केंद्रक जसंच्या तसं सरकलं तर ऊर्जा बदलत नाही, म्हणून द्विध्रुवी गटात एक मोड बरोबर शून्यावर यायला हवा. तपासला. शून्यावरच आहे, दृष्ट लागावी इतका नेमका.

म्हणजे क्षेत्रं बरोबर, सममिती बरोबर, दोन पद्धती एकमेकींना जुळतात, आणि बेरीज चूक.

२४ जानेवारी

सापडलं. मॅडमना आकडे दाखवले तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सरकवल्यावर शून्यावर येतंय, पण ढकलल्यावर वजन किती भरतंय ते पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. संवेगाच्या ऑपरेटरला शून्य वारंवारतेवर प्रतिसाद काढला की केंद्रकाचं जडत्व मिळतं. ते १६ न्यूक्लिऑनांइतकं यायला हवं. माझं साडेबाराच्या आसपास आलं.

इथेच सगळा उलगडा झाला. स्कर्मे फंक्शनलमध्ये गतिज घनतेचं पद एकटं येत नाही. त्याच्या जोडीला प्रवाहघनतेच्या वर्गाचं पद असतं आणि दोघं मिळूनच गॅलिलिओची सममिती राखतात. स्थिर केंद्रकात प्रवाह शून्य, म्हणून एचएफबीच्या रूटीनमध्ये ते पद लिहिलेलंच नव्हतं. स्थिर उत्तरासाठी त्याची गरजही नाही. पण डोलणाऱ्या केंद्रकात प्रवाह असतो. ते पद गळलं की प्रत्येक कण आपल्या परिणामी वस्तुमानाने हलतो (एसएलवाय४ मध्ये आतल्या भागात ते खऱ्या वस्तुमानाच्या ०.७ पट), आणि सगळं केंद्रक हलकं होऊन बसतं. वस्तुमान कमी, म्हणून बेरीज जास्त. शून्याचा मोड मात्र शाबूत राहतो, कारण नुसत्या सरकण्यात प्रवाहाचा संबंधच येत नाही.

पूर्ण मॅट्रिक्सशी केलेली तुलना का फसली तेही कळलं: तो मॅट्रिक्स मी त्याच रूटीनमधून भरला होता. एकाच विहिरीचं पाणी दोन घागरींत भरून चव ताडून पाहण्यातला प्रकार. यापुढे कुठलाही बदल केला की तीन तपासण्या: शून्याचा मोड, जडत्व, बेरीज. तिन्ही झाल्याशिवाय आलेख काढायचा नाही.

प्रवाहाची आणि स्पिनची विषम पदं घातली. जडत्व १६.००. बेरीज जुळली.

४ फेब्रुवारी

आठवडाभर एकाच ठिकाणी अडकले होते. द्विध्रुवी गटात शिखराजवळ आयटरेशन उतरत उतरत येतात आणि मग चूक दोन आकड्यांमध्ये मागेपुढे हलत राहते. ईटा बदलून पाहिला. लहान केला तर वजाबाकीत अंक गळतात, मोठा केला तर रेखीयपणा जातो, हे अपेक्षितच. पण मधे कुठेतरी सपाट पट्टा मिळायला हवा होता. तो मिळेना.

शेवटी प्रत्येक गाउस बिंदूवरचा (क्षेत्र जिथे मोजतो त्या जाळीतला बिंदू) क्षेत्राचा बदल छापून काढला आणि ओळीमागून ओळ पाहत गेले. आतले सगळे बिंदू शहाण्यासारखे. चौदा फर्मीच्या पलीकडच्या एका बिंदूवर मात्र एका आयटरेशनला क्षेत्राचा बदल अधिक, पुढच्याला उणे, आकार दोन्ही वेळा दहा एमईव्हीहून मोठा. तिथे मुळात काहीच नाही! घनता दहाचा उणे अठरावा घात.

दोषी निघाला कूलॉम विनिमयाचा (प्रोटॉनांमधल्या विद्युत बलातल्या एका पदाचा) स्लेटर अंदाज. त्यात प्रोटॉन घनतेचं घनमूळ असतं. आमची बदललेली घनता कॉम्प्लेक्स आहे, आणि शेपटीत मूळ घनता इतकी क्षीण की ईटाने गुणलेला बदलसुद्धा तिच्याहून मोठा होतो. बेरजेचा वास्तव भाग ऋण झाला की घनमुळाची फेज एका क्षणात अधिक ६० अंशांवरून उणे ६० वर उडी मारते. दहाच्या उणे अठराव्या घाताचं घनमूळ दहाचा उणे सहावा घात. त्याला एक कोटीव्या भागाच्या ईटाने भागलं की चिमूटभर चुकीचा डोंगर होतो.

उपाय: संख्यात्मक फरक घेणंच बंद. प्रत्येक पदाचं अवकलन हाताने करून लिहून काढलं. दोन दिवस गेले, सतरा पानं भरली. आता ईटा नावाची गोष्टच कोडमध्ये उरली नाही. शिवाय कोड वेगवान झाला, कारण मूळ घनतेचे घात एकदाच काढून ठेवता येतात.

११ फेब्रुवारी

साधं मिसळणं (जुन्या उत्तरात नव्याचा थोडा वाटा) शिखराजवळ चालतच नाही, उत्तर हाताबाहेर जातं. सुधारित ब्रॉयडन लावला. मागच्या आयटरेशनांची आठवण ठेवतो आणि त्यावरून पुढची उडी ठरवतो. रुंदी १ एमईव्ही असेल तर चाळीसेक आयटरेशनांत काम होतं. जीएमआरईएसही (रेखीय समीकरणं आयटरेशनने सोडवायची दुसरी पद्धत) करून पाहिलं. आमचं समीकरण आता पूर्ण रेखीय असल्यामुळे ते जास्त भरवशाचं ठरतं, पण सगळे जुने व्हेक्टर साठवावे लागतात. सध्या ब्रॉयडन.

१९ फेब्रुवारी

आजची गोष्ट मला मनापासून आवडली, म्हणून सावकाश लिहिते.

बेरजेसाठी मी आतापर्यंत वास्तव अक्षाला लागून शेकडो बिंदू घेत होते आणि ते वक्राखालचं क्षेत्रफळ मोजत होते. ध्रुवांच्या इतक्या जवळ आयटरेशन जास्त लागतात, आणि शिखरांच्या लांब शेपट्या हिशेबातून निसटतात ते वेगळंच. पण प्रतिसाद हे कॉम्प्लेक्स प्रतलावरचं फंक्शन आहे. सगळे ध्रुव वास्तव अक्षावर. मग कोशीचं प्रमेय वापरून ध्रुवांना बाहेरून वळसा का घालू नये? हिनोहारा, कोर्टेलाइनेन आणि नाझारेविच यांच्या चमूने हेच केलं आहे: एका-एका ध्रुवाभोवती लहान वर्तुळ काढून त्या एका अवस्थेचं बळ, आणि सगळ्यांना कवेत घेणाऱ्या मोठ्या अर्धवर्तुळावरून थेट बेरीज.

२०० एमईव्ही त्रिज्येचं अर्धवर्तुळ घेतलं. तिथे ध्रुव इतके लांब की फंक्शन अगदी गुळगुळीत. आयटरेशन आठ-दहा. कमानीवर बारा बिंदू, वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांचे कॉन्जुगेट असल्याने प्रत्यक्षात सहाच. त्या सहा बिंदूंवरून आलेली बेरीज आणि त्रिज्येवरून काढलेली बेरीज चौथ्या अंकापर्यंत सारखी.

पाचशे बिंदूंचं काम सहावर आलं. प्रोसेसर तोच, कोडही तोच, फक्त प्रश्न विचारायची जागा बदलली. ऊर्जेनुसार वक्र हवा असेल तर अर्थात अक्षाजवळ जावंच लागतं. तपासणीसाठी मात्र आता हीच पद्धत.

३ मार्च

कथील-१२०. प्रोटॉन ५०, म्हणजे बंद कवच. न्यूट्रॉन ७०, म्हणजे उघडं, पेअरिंग आलंच. आता कणसंख्येची सममिती मोडलेली आहे, म्हणून एकध्रुवी गटातही एक मोड शून्यावर हवा. आधी तो शून्याच्या वर, एक एमईव्हीच्या खाली कुठेतरी अडकला. एचएफबीत पेअरिंगला ६० एमईव्हीची खिडकी होती, आणि दोलनाच्या पेअरिंग घनतेत मी सगळ्याच अवस्था घेतल्या होत्या. खिडकी सारखी केली. मोड शून्याला टेकला.

भौतिकशास्त्र: मोजलेल्यापेक्षा माझं एकध्रुवी शिखर वर येतं. हे नवं नाही. ओसाकाच्या आरसीएनपीमध्ये कथील-११२ ते कथील-१२४ ही साखळी मोजली गेली (निष्कर्ष २००७ मध्ये आले), तेव्हापासून हा पेच आहे: जी फंक्शनलं शिशाचं शिखर बरोबर देतात ती कथिलाला गरजेपेक्षा कडक ठरवतात. हा पेच सोडवणं माझ्या प्रकल्पाचा भाग नाही. पण तो सोडवायचा तर शेकडो फंक्शनलं पूर्ण साखळीवर फिरवून पाहावी लागतील, आणि म्हणूनच एका रनचा खर्च इतका महत्त्वाचा.

१३ मार्च

समॅरियम-१५४. हे केंद्रक लांबट आहे, त्यामुळे द्विध्रुवी शिखर दुभंगतं: लांब अक्षावरचा झोका संथ, आडवा झोका जलद. वक्रात १२ आणि १६ एमईव्हीच्या जवळ दोन उंचवटे उठले, वरच्याचा वाटा जवळजवळ दुप्पट, कारण आडव्या दिशा दोन आहेत. मोजमापातही असंच दुहेरी शिखर आहे. गणिताच्या आत कुठेही "आकार लांबट आहे, शिखर दोन कर" असं लिहिलेलं नाही. सरासरी क्षेत्र आपणहून लांबट झालं आणि बाकी सगळं त्यामागोमाग आलं. पहिल्यांदा पडद्यावर ते दोन उंचवटे पाहिले तेव्हा बराच वेळ नुसतीच पाहत बसले.

फिरण्याचा शून्य मोडही तपासला. ठीक.

एकध्रुवी शिखरसुद्धा दुभंगलं. लांबट केंद्रकात श्वासाचा मोड चतुर्ध्रुवी मोडशी गुंततो, हे त्याचं कारण.

२५ मार्च

पुढची पायरी. प्रत्येक वारंवारतेला समीकरण शून्यापासून सोडवायचं, हे उधळपट्टीचं आहे. वारंवारता समीकरणात फक्त एका जागी आणि तीही रेखीय पद्धतीने येते. शेजारच्या दोन वारंवारतांची उत्तरं फार वेगळी असू शकत नाहीत. तर मग मोजक्या ठिकाणची उत्तरं नीट सोडवून घ्यायची, त्यांनाच बेसिस मानायचं आणि सगळं समीकरण त्यांच्यावर उतरवायचं.

सोळा कॉम्प्लेक्स बिंदू घेतले. प्रत्येक उत्तराच्या जोडीला त्याचा एक्स आणि वाय (दोलनाच्या अधिक आणि उणे वारंवारतेचे भाग) अदलाबदल केलेला जोडीदारही घेतला. तो घेतला नाही तर अधिक-उणे वारंवारतांची सममिती मोडते आणि छोट्या मॅट्रिक्सच्या काही ऊर्जा कॉम्प्लेक्स निघतात. पहिल्या प्रयत्नात तसंच झालं होतं. पन्नास हजारांचा प्रश्न बत्तीसवर आला. बत्तीसचा मॅट्रिक्स डायगोनलाइझ करायला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागत नाही, आणि त्यावरून पाचशे बिंदूंचा वक्र काढला तर तो पूर्ण गणिताच्या रेषेवर बसतो.

बिंदू कुठे घ्यायचे हेही कोडलाच ठरवू दिलं. छोट्या मॉडेलचं उत्तर मूळ समीकरणात ठेवायचं, जिथे सर्वांत जास्त चूक उरते तिथे पुढचा बिंदू. शिखरं कुठे आहेत हे न सांगता बिंदू आपोआप शिखरांभोवती गोळा झाले.

२ एप्रिल

मर्यादा लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या उत्साहात विसरायला होईल. रुंदी १ एमईव्हीवरून ०.१ वर आणली तर छोटं मॉडेल बिघडतं. त्याच्याजवळ ध्रुव जेमतेम सोळा. खऱ्या केंद्रकात त्या पट्ट्यात शेकडो. रुंदी जास्त असते तेव्हा शेकडो ध्रुवांचा मिळून एक उंचवटा दिसतो आणि सोळांत भागतं. रुंदी कमी केली की मॉडेल चुकीच्या जागी टोकदार सुळके दाखवतं. ते अवस्थांसारखे दिसतात, पण अवस्था नव्हेत. एका-एका अवस्थेचं बळ हवं असेल तर १९ फेब्रुवारीचं लहान वर्तुळच बरं.

एक फायदा मात्र अनपेक्षित मिळाला. जिथे मॉडेल पुरेसं नाही तिथेसुद्धा त्याचं उत्तर ब्रॉयडनला सुरुवात म्हणून दिलं की आयटरेशन निम्म्यावर येतात.

७ एप्रिल

निओडिमियमची साखळी रांगेत लावली, १४२ ते १५०. गोल आकाराकडून लांबट आकाराकडे जाताना एकाची दोन शिखरं कशी होतात, ते मधल्या केंद्रकांसह एका आलेखावर पाहायचं आहे. प्रत्येकासाठी आधी तीन तपासण्या, मग सोळा बिंदू, मग वक्र. पहिल्या केंद्रकाच्या तपासण्या आल्या: द्विध्रुवीचा शून्य मोड ठीक, जडत्व १४२.००, बेरीज जुळते. बाकीचे रात्रभर चालतील.